फोन ठणठणीत हाय

दिंद्रुडमधल्या माझ्या मोबाइलच्या दुकानात कुणालाही विचारा — मी नदीत पाहिलेली सुसर दर वेळी सांगताना हातभर वाढते. विहिरीत पडलेला फोन मी फुंकर मारून जिवंत केला, हे इतक्यांदा सांगितलंय की आता मलाच खरं वाटतं. पण ही गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही. हिच्यात वाढवायला काही नाही — कमी करता आली असती, तर केली असती.

फोनची नवी सिस्टीम बाजारात यायच्या आधी तिची कच्ची आवृत्ती निघते. चुका सापडाव्यात म्हणून. जाणकारांनी ती जादाच्या फोनात टाकून बघायची. रोजच्या फोनात टाकू नका, असं पडद्यावर लिहून येतं — मी वाचलं होतं. मला ती माझ्या फोनात हवी होती, मिरवायला. पण माझा फोन बिघडला तर?

म्हणून आधी मंदाआक्काच्या फोनात टाकली.

ऊसतोडीला निघायच्या आदल्या दिवशी आली होती ती. फोन सारखा अडकतो म्हणून. "दादा, नीट करून दे बाबा. बाप अंथरुणाला खिळलाय, दत्ताचा फोन कधीबी येईल." दत्ता तिचा धाकटा भाऊ; बाप त्याच्याकडं होता. आणि फडावरच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत, नवरा-बायकोत तेवढा एकच फोन — हेही मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "आक्का, असा फोन बीडच्या कलेक्टरकडं बी न्हाई!" हसत हसत गेली.

बाप गेला. मुकादमाकडून निरोप पोचला, तोवर राख सावडून झाली होती.

दहाव्यानंतर दोघं बहीण-भाऊ भांडतच दुकानात आली. "तू फोनच केला न्हाईस!" "अगं, माझ्या फोनातली ही यादी बघ की, तुला किती फोन लावले त्याची — लावून लावून बोटं दुखली माझी!" तिच्या फोनात मात्र एकाही फोनची खूण नव्हती. "दादा, तूच सांग आता," ती म्हणाली. मी काउंटरखाली माझ्या फोनवरून तिचा नंबर लावला. रिंग जात होती. तिचा फोन माझ्या दुसऱ्या हातात मुका.

तेव्हा बोललो असतो तर? एका वाक्याचं काम होतं. पण बाकावर चार माणसं बसली होती — माझ्या सुसरी ऐकायला येणारी. मी म्हणालो, "फोन ठणठणीत हाय."

एवढ्यावर थांबलो? नाही. दत्ताच्या यादीकडं बघून हसलो. "असली यादी तर आक्का, मी बी बनवून देतो."

तिनं भावाकडं पाठ फिरवली. फोन 'साफ करतो' म्हणून मी ठेवून घेतला आणि गुपचूप जुनी सिस्टीम चढवली.

तेव्हापासून ती पंचमीला माहेरी आलेली नाही. दत्ता न्यायला जातो — ती दार लावून घेते.

परवा तो नवा फोन घ्यायला आला. जुना पुढं सरकवला. "दादा, बाकी काय न्हाई आलं तरी चालंल. ती यादी तेवढी नव्यात येईल का?"

"येईल," मी म्हणालो. आणून दिली.

"लई उपकार झाले," म्हणत त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. मी धरू दिला.