तव्याच्या मापाची शेगडी

आईने गाव सोडलं त्या सकाळी चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. रोज राखेखाली निखारा झाकून ठेवणारी बाई ती. वीस वर्षांपूर्वी मी कल्याणला यायला निघालेलो, तेव्हाही मागे तो निखारा होता, म्हणून जाताना मला विशेष काही वाटलं नव्हतं. या वेळी चर्र झालं, राख उडाली आणि ती म्हणाली, "चल. आता काय राहिलं इथे." बाबा गेल्यावर तिला एकटीला ठेवायचं नाही, हा हट्ट माझाच होता.

तुम्ही वाडीतले फोनवर विचारता, "काकी रमली का रे?" आणि मी "हो हो, एकदम मस्त" म्हणून मोकळा होतो. आज खरं सांगतो. आपल्यातल्या ज्यांनी आपापल्या आया अशाच उचलून इकडे आणल्यात, त्यांनीही ऐका.

आमची बैठी चाळ. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, ओट्यावर गॅस. माझी बायको सुनंदा भाकऱ्या चांगल्या करते, उगाच कशाला खोटं बोलू. पण आई अर्धीच खायची. "भूक नाही रे." तीन महिन्यांत पोलकं खांद्यावरून उतरायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सगळं नॉर्मल आहे, वय झालंय. मी वागळे इस्टेटला फॅब्रिकेशनमध्ये. जे मोडतं ते वेल्डिंग मारून जोडायचं, एवढंच मला येतं. म्हटलं, हिला चुलीवरची भाकरी पाहिजे, बाकी काही नाही.

मग शेगडी शोधायला लागलो. कल्याणच्या बाजारात मातीच्या होत्या, त्या महिन्यात तडकतात. बिडाची बघितली, ती तापेपर्यंतच अर्धं जळण खलास. मोबाइलवर परदेशातल्या दिसल्या, काचेचं दार, आत नाचणाऱ्या ज्वाळा. अहाहा! पण तवा ठेवायचा कुठे? शेवटी शेठला विचारून जेवणाच्या सुट्टीत मीच बनवली, जाड पत्र्याची, हातभर उंचीची. आई आंघोळीला गेलेली तेव्हा तिच्या तव्याला दोरा लावून माप घेतलं आणि शेगडीचं तोंड बरोब्बर तेवढं कापलं. माप घेतलं, पण तिला काही विचारलं नाही.

रविवारी आई शेजारी भजनाला गेलेली. मी खाली विटा आणि लादी बसवली, पत्र्याला भोक पाडलं, चार इंची पाइप वर काढला. तापलेला पाइप छपराच्या लाकडाला लागू नये म्हणून मध्ये जागा सोडली, वर पावसासाठी टोपी घातली. सुनंदा शिडी धरून म्हणाली, "गळलं तर पुसायचं तुम्ही." कागद पेटवून बघितला. धूर सरळ वर! मी तर हवेतच होतो.

आई आली. शेगडीकडे बघत उभी राहिली.

"ही कुणाला?"

"तुला गं!"

"आणि सुनंदाला?"

"तिला गॅस आहे की."

आई मटकन खाली बसली. "मला वेगळी काढलीस होय रे?"

काका वेगळे झाले तेव्हा मागच्या पडवीत दुसरी चूल पेटली होती, हे मला लहानपणापासून माहीत. त्यानंतर बाबा आणि काका एका पंगतीला कधी जेवले नाहीत. एका घरात दोन चुली म्हणजे काय, हे मला कुणी सांगायला हवं होतं? तरी दोरा घेऊन मापं काढत बसलो, गाढव!

"आई, मीही हिच्यावरच करते ना," सुनंदा म्हणाली.

"आणि सात वाजता कामाला कशी जाशील? धुरात डोळे फोडून? नको गं बाई."

दोघींचंही बरोबर होतं. मी पान्हा उचलला आणि पाइप सोडवायला लागलो. तेव्हा आई म्हणाली, "राहू दे आता. न्हाणीची समज."

न्हाणीतली चूल आपल्याकडे चुलीत धरत नाहीत, पाणी तापवण्यापुरती ती. आता रोज सकाळी आई वर्कशॉपमधली फळकुटं घालून त्या शेगडीवर टोप चढवते. तवा भिंतीवरच टांगलेला आहे. "पाणी उकळलं, ऊठ मेल्या!" अशी हाक येते. त्या पाण्याला आपल्या घराच्या न्हाणीचा वास येतो. मी मोरीत पाणी ओतत बसतो आणि रडतो, सांगायला लाज कसली.

परवा बघितलं, पाणी झाल्यावर आई निखाऱ्यावर राख ओढत होती. म्हटलं, "अगं, काडेपेटी आहे घरात."

"असू दे. एकदा विझवली, पुरे झालं."

मग ती न्याहारीला बसली. गॅसवरची अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली माझ्या ताटात टाकली. घर आता कुठे आहे म्हणून मला विचारू नका. मी ती अर्धी भाकरी खाल्ली आणि कामाला गेलो.