चिंचेने घासलेली नाणी

चिंच भिजत घातली की त्या आंबट वासाबरोबर नॉटिंगहॅममधलं ते नाण्यांचं दुकान आठवतं आणि आजही माझं डोकं फिरतं. बाबा इथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. राणीच्या ज्युबिलीचं, राजपुत्राच्या लग्नाचं, असं एकेक चांदीचं नाणं ते आईसाठी आणायचे आणि ती दर दिवाळीला ती सगळी चिंचेने लख्ख घासून लक्ष्मीपूजनाला मांडायची. बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता, तर भाऊ व्हॅल्युएशनसाठी नाण्यांचा डबा घेऊन आईला आणि मला त्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार भिंगातून बघत हळहळला. घासून ओरखडे पडलेत, म्हणाला, आता नुसता चांदीचा भाव मिळेल. झालं! भाऊ त्या परक्या माणसासमोर आईवर ओरडला, "आई, सगळी व्हॅल्यू घालवलीस! काही अक्कल आहे का तुला?" आई एवढंच म्हणाली, "अरे, लक्ष्मीपुढे काळी नाणी कशी ठेवायची?" मी डबा उचलला, "एकही विकायचं नाही," म्हणून त्याच्यावर खेकसले आणि आईला घेऊन बाहेर पडले. आता आईही नाही. भाऊ दिवाळीला घरी येतो, नाणी बघून अजून चुकचुकतो, आणि मी मुद्दाम त्याच्यादेखत चिंच घेते आणि आईपेक्षा जास्त जोर लावून घासते.