घंटीची ओळ

अमरावतीच्या एका शाळेत मी संगीत शिकवते. संमेलनातल्या समूहगीताला चाल लावली की ती कॉम्प्युटरवर नोटेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून ठेवायची माझी सवय. पेटीची एक ओळ, बासरीची एक, आणि गेल्या वर्षी हौसेनं सगळ्यांच्या वर घंटीची एक, वाजवून न बघता नुसती लिहिलेली. दिवाळीच्या सुट्टीत मुली गावी गेल्या, कोणी तिवस्याला, कोणी दर्यापूरला. घरी सराव करायला त्यांना गाणं हवं होतं, पण नोटेशनची फाइल त्यांच्या आईबापांच्या मोबाइलवर उघडेना. म्हणून त्याचं ऑडिओ करून व्हॉट्सॲपवर पाठवायचं ठरवलं.

काम सोपं होतं. एक्सपोर्ट दाबायचं, एमपीथ्री निवडायचं, थांबायचं. फाइल तयार झाल्यावर मी हेडफोन लावून ऐकली. पेटी होती, बासरी होती. घंटी नव्हती.

मिक्सर उघडून पाहिला. घंटीसमोरची हिरवी पट्टी प्रत्येक स्वराला उडी मारत होती, म्हणजे आवाज निघत होता. मी तो पूर्ण वाढवला, हेडफोन बदलला, पुन्हा एक्सपोर्ट केलं. पट्टी उड्या मारतच राहिली आणि माझ्या कानात त्या जागी नुसतं पोकळ.

सॉफ्टवेअरच बिघडलं असणार, असं म्हणत ती फाइल मी तेल्हाऱ्याला, धाकट्या बहिणीला पाठवली. कापूस वेचणीची गडबड होती, तरी तिचा लगेच फोन आला.

"ताई, हे टिनटिन काहून इतकं मोठं ठेवलं वं? माहे कान फाटून राहिले!"

"तुला घंटी ऐकू येते?"

"घंटीच तं येऊन राहिली. गाणं कुठी हाय त्यात?"

मी हसण्यावारी नेलं. फोन ठेवून फाइल पुन्हा लावली. घंटी नव्हतीच.

मग मी घरात आवाज शोधत फिरू लागले. वॉशिंग मशीन थांबल्याची बीप यायची ती येत नव्हती. कधीपासून, ते आठवेना. वर्गात मुलींना मी हल्ली सारखं "पुन्हा म्हण गं" म्हणायचे, ते त्यांच्या पुटपुटण्यामुळे नव्हतं तर. नवऱ्याला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि भाजीचं काहीतरी विचारून गप्प बसले. सूर ओळखणं एवढंच मला येतं. ते गेलं तर मी वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहणार?

शेवटी बहिणीलाच सांगितलं. ती म्हणाली, "अकोल्याले चाल. तिथं तुले कोणी वयखत नाही. मी येतो तिकडून."

कानाच्या डॉक्टरांकडे एका बंद खोलीत मला बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. सुरुवातीला भराभर दाबलं. मग शांतता सुरू झाली आणि संपेचना. आवाज थांबलेत, की चालू आहेत आणि मलाच येत नाहीत? काचेपलीकडून तपासणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळेना. घाबरून मी एकदा उगाचच बटण दाबलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

वरच्या पट्टीचे बारीक आवाज गेले होते, दोन्ही कानांतून. ते परत येणार नाहीत, डॉक्टर म्हणाले. यंत्रानं काही भाग भरून निघेल. बाकीचं टिकेल का, या प्रश्नावर ते म्हणाले, "दर सहा महिन्यांनी तपासत राहू." बाहेर आल्यावर बहिणीनं माझा हात धरला तो बस स्टँडपर्यंत सोडला नाही. तेवढा घट्ट ती लहानपणीही कधी धरत नसे.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "यंत्र लावू," एवढंच तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत टीव्हीचा आवाज वाढवला. मला त्यावर रडू आलं.

घंटीची ओळ मी काढून टाकली नाही. एक सप्तक खाली उतरवली, मला ऐकू येईल तिथं, आणि नवीन ऑडिओ मुलींना पाठवलं. संमेलनात त्या छान गायल्या, असं सगळे म्हणाले. मी पडद्याआड उभी होते, कानात नवं यंत्र, केस पुढे ओढलेले. त्यातून सगळंच पत्र्यावर पडल्यासारखं येत होतं, आणि मुली सुरात आहेत की नाहीत हे मी त्यांच्या तोंडांकडे बघून ताडत होते.

शाळेच्या मोठ्या बाईंना अजून सांगितलेलं नाही. पुढची तपासणी जवळ आली आहे.