थोरल्या साडूंचा ग्रॅनाईट

आमच्या थोरल्या साडूंइतका ग्रॅनाईटवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात सापडला नसता, आणि नगर जिल्ह्यात ग्रॅनाईट औषधालाही सापडत नाही. खणाल तिथे काळा बेसाल्ट. भूगर्भशास्त्राची पदवी पहिल्या वर्गात घेऊन, सरकारी नोकरीची वाट बघता बघता वय उलटल्यावर, ते सुप्याच्या एका कारखान्यात परराज्यातून येणाऱ्या ग्रॅनाईटच्या लाद्या तपासायला लागले. तिथे मी कारकून होतो. माझ्याच शब्दावर त्यांना घेतलं होतं.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सावेडीत जो तो फ्लॅट घेऊन स्वयंपाकघरात ग्रॅनाईटचा ओटा बसवत होता. साडू वास्तुशांतीला गेले की जेवणाआधी खिशातलं भिंग काढून ओट्यावर ओणवे व्हायचे. "वहिनी, हा ग्रॅनाईट नव्हे. दुकानदार कुठल्याही काळ्या दगडाला ग्रॅनाईट म्हणतात." मग पंगत खोळंबवून व्याख्यान : खरा ग्रॅनाईट जमिनीच्या पोटात वितळलेल्या रसाचा, तो वर घुसतो, थंड होताना त्यातलं कढत पाणी आसपासच्या फटींत शिरतं आणि तिथे तांबं, कधी सोनंही सोडून जातं. बायका गळ्यातल्या सोन्याला हात लावून ऐकायच्या. पुढच्या वेळी त्या घरचं आमंत्रण फक्त आम्हाला यायचं.

एकदा एका लादीत पांढरी शीर निघाली, तिच्यात पितळेसारखे कण. साडूंनी ते चाकूच्या टोकाने खरवडून पाहिले. हे तांब्याचं धातुक आहे, दगड कुठल्या खाणीतला ते सांगा, असं ते मालकांच्या मागेच लागले. मालकांच्या लेखी तो डाग होता. लादी फोडून टाका, म्हणाले. साडू लादीपुढे आडवे उभे राहिले.

"आठ दिवस थांबा, साहेब. मी रजा टाकून तो डोंगर बघून येतो."

मालक माझ्याकडे वळले. "तुमचे पाहुणे पहिल्यापासूनच असे आहेत का हो?"

मी हसलो. नुसता हसलो. लादी साडूंच्या देखत फुटली, आणि उद्यापासून येऊ नका, असं त्यांना तिथेच सांगण्यात आलं.

मग ते गावी, काष्टीला जाऊन दहावीच्या मुलांना भूगोल शिकवू लागले. दोन वर्षांनी मी माफी मागायची म्हणून गेलो. चहा झाला, पोराबाळांची चौकशी झाली, धीर काही होईना. मला एसटीला सोडायला ते स्टँडवर आले, तेव्हा कसंबसं तोंड उघडलं. त्यांनी पुरं बोलू दिलं नाही.

"मनाला लावून घेऊ नका, पाव्हणं. तुमच्या जागी मी असतो तर मीही हसलो असतो."

ते हसले नसते. हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गाडी आली. त्यांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि गाडी वळेपर्यंत धुळीत उभे राहिले.