आमच्या पर्शियन मांजरीले जट आली तेव्हाची गोष्ट

लय दिवसांचं सांगाचं होतं हे. आज बसलीच लिहाले, आता थांबली तर पुन्हा काही लिहिणं होत नाही माह्यानं.

कापसाले भाव नव्हता त्या सालची गोष्ट. म्हणजे अशी सालं लय झाली, पण त्या साली आमच्या गावात सगळ्यांनीच कापूस घरात भरून ठेवलता, आज ना उद्या भाव येईन म्हणून. आमची समोरची खोली पार छतापर्यंत कापूस! पंखा लावाचा नाही, कापूस उडते. आंगाले खाज सुटे ती वेगळीच. माय, बाबा, मी अन् मोठी माय, म्हणजे बाबाच्या मोठ्या भावाची बायको, सगळे मागच्या खोलीत. मोठे बाबा गेल्यावर मोठी माय आमच्यातच राह्यली.

अन् अशा घरात मी पर्शियन मांजर आणली.

नागपूरच्या मावसबहिणीची होती. तिची बदली झाली, मांजर कोणी घेईना, मी म्हटलं दे मले. आमच्या तालुक्याच्या दारव्ह्यापर्यंत बसमध्ये मांडीवर घेऊन आली. पांढरीफेक. केस चार बोटं लांब, मानेभोवती तर झालरच, शेपूट म्हणजे निरा झाडू. पाय आखूड, कान एवढुशे, डोळे तांब्याच्या रंगाचे. नाक इतकं चपटं की डोळ्यातून सारखं पाणी गळे अन् झोपली की माणसासारखी घोरे.

बाबा म्हणाले, "इचं थोबाड कोणं दाबलं वं?"

"दारावर आपटली असन," मोठी माय म्हणाली. "कुठली म्हणते तू हे?"

"इराणची."

"थे कुठं आलं? पांढरकवड्याच्या पल्याड?"

"लय पल्याड, मोठी माय. समुद्र लागते मधात."

"मंग तिथंच राहू द्याची होती ना बाई!"

मी नेटवर सगळं वाचलं होतं अन् जो भेटन त्याले सांगत सुटे. जुन्या काळी व्यापाऱ्यांनी हे इराणातून युरोपात नेली म्हणतात, तिथल्या मोठ्या लोकांनी गादीवर बसवू बसवू आणखी लांब केसांची केली, नाक मागाहून चपटं झालं. स्वभाव एकदम शांत. उड्या नाही, ओरडणं नाही, एका जागी बसाचं अन् पाहाचं. फक्त रोज विंचरावं लागते, आपल्या आपण केस साफ ठेवणं तिले जमत नाही.

कापसात उंदीर झालते. उंदीर समोरून जाये, हे पाहे. बाबा म्हणत, "पाहुणी आहे ते, चहा द्या तिले." पण एक दिवस हसले नाहीत. म्हणाले, "कापूस इकला की त्याच गाडीत हिले पाठवतो. इथल्या उन्हाळ्यात हे जगत नाही." मले माहीत होतं, बाबा करतीन.

मंग परीक्षा आली. मी महिनाभर यवतमाळले मैत्रिणीच्या खोलीवर राह्यली. मायले विंचराचं सांगून गेलती, पण वावरात कापसाची वाळली झाडं, पऱ्हाटी, उपटाचं काम चालू होतं, माय विंचरन केव्हा? मांजर दिवसभर कापसाच्या ढिगात. केसात कापूस गेला, वाळल्या पत्त्या गेल्या. मी आली तर कानामागून मानेपर्यंत एकच कडक गुंता, दोरखंडासारखा. अन् त्याच्यावर हळदकुंकू.

"हात नोको लावू," मोठी माय म्हणाली. "जट आली तिले."

आमच्याकडं बाईच्या केसांचा असा गुंता सुटेनासा झाला की म्हणतात देवीची जट आली. ती विंचरत नाहीत, कापत तर नाहीतच. मोठ्या मायच्या डोक्यातही आहे, मोठे बाबा गेले त्या साली आलती. पदराखाली गुंडाळून ठेवते. मान दुखते, बोलत नाही.

शेजारची काकू हसली, "अवं, मांजरीले कुठं जट येते काय?"

"आली ना डोळ्यासमोर! या कापसात माणसं खाजू खाजू परेशान, अन् हे गुमान बसून आहे. उगीच काय?"

दारावर आपटली असन म्हणणारी मोठी माय तिले आता मांडीवर घेऊन दूध पाजे. अन् बाबा? बाबा म्हणाले, "राहू द्या तिले मंग." जटवालीले घराबाहेर कसं काढतीन!

मले माहीत होतं. मी वाचलं होतं, गुंता कापावाच लागते. कैची हातात घेतली होती मी, एकदा नाही, तीनदा. पण वाटलं, जट गेली की मांजर गेली. कैची ठेवून देल्ली. कोणालेच सांगतलं नाही.

ऊन वाढलं. तिनं खाणं सोडलं. मान एकीकडं वाकडी धरून बसे. वास याले लागला तेव्हा मी रडत बाबाले म्हटलं, चला. पिशवीत घालून फटफटीवर दारव्ह्याले गुरांच्या डॉक्टरकडं नेली. त्यानं काही न विचारता जट कापली. खाली कातडं नव्हतंच. अळ्या होत्या.

"महिन्याआधी दोन मिनिटांचं काम होतं, बेटा," तो म्हणाला. रागावला पण नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. ओरडली नाही. शांत जात ना.

मोठ्या मायनं आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळली. बाबानं वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, खड्डा केला. माती लोटून झाल्यावर बाबा पुढं निंघाले अन् मोठी माय तिथंच बसून राह्यली.

"मी नोको म्हटलं म्हणून गेली का वं ते?"

तिचा हात पदराखाली, डोक्यावर होता. मी सांगू शकत होती. मले माहीत होतं, मी लपवलं, तुही काही चूक नाही, एवढंच म्हणाचं होतं. तोंडातून निंघालं, "नाही वं मोठी माय. या जातीच्या मांजरी तशाबी जास्त जगत नाहीत."

तिनं माह्याकडं पाह्यलं.

"मंग आणली काहून तू?"