ट्रॅक्टरनंही न उठणारं पोर

आमच्या रोवण्याच्या टोळीची मुकादम कुंदाबाई. तिची जीभ म्हणजे नुसती तिखट! नवं लुगडं कसं दिसतं विचारा, "तुले नाई शोभत," म्हणून मोकळी. म्हणून मनातलं दुखणं घेऊन तिच्याकडे कुणी फिरकत नाही. त्यासाठी आम्ही आहोत की. चिखलात ओणवं होऊन, मागे सरकत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, लावताना कुणाला कुणाचं तोंड दिसत नाही. तेव्हा बाया सगळं बोलतात आणि बाकीच्या "होईन वं बरं" म्हणतात.

यंदा टोळीत पुष्पांजली आली, आमच्या गावच्या केशोरावची सून. तिचा दीड वर्षांचा टिंकू बांधाच्या धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाला बांधलेल्या झोळीत झोपायचा. शेजारच्या बांधीत, अगदी लागूनच्या वावरात, ट्रॅक्टर धडधडला तरी पोट्टा ढिम्म. "गुणाचं लेकरू वं!" आम्ही कौतुकानं म्हणायचो.

एकदा ती ओणव्यानंच म्हणाली, "टिंकू अजून आई म्हनत नाई." झालं, सगळ्या तुटून पडल्या. "त्याचा बापही उशिराच बोलला." "पोट्टे असेच राहतात." "कायले चिंता करून राहिली?" ती हसली आणि पुढचा पऱ्हा चिखलात खोचला. कुंदाबाई मात्र हातातली जुडी तशीच धरून झोळीकडे बघत राहिली. नवलच, बाप्पा!

दुपारी शिदोऱ्या सुटल्या. टिंकू आईच्या मांडीवर जागाच होता. कुंदाबाई त्याच्या पाठीमागे गेली आणि स्टीलच्या डब्यावर झाकण आपटलं. आम्ही दचकलो, पण टिंकूनं मान वळवली नाही. तिनं पुन्हा आपटलं. तरीही तो ढिम्म.

आता ही फाडकन बोलणार आणि पोरगी कोसळणार, म्हणून मी उठलेच. पण कुंदाबाई चिखलाच्या पायांनी तिच्या शेजारी बसली.

"पुष्पा, मले भेव वाटून राहिलं. तुले बी वाटते ना?"

पुष्पांजलीनं तोंडाला पदर लावला. "कवापासून वाटते, मावशी. पन कोनी बोलूच देत नाई. सांगाले गेली का सारे बरं होईन म्हनतात. मंग मी कोनाले सांगू?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मले सांग," कुंदाबाई म्हणाली. "त्याले आयकू येत नसन. बरं होईन का नाई, मले ठाऊक नाई. आधी रडून घे. उद्या गोंदियाले डाक्टरकडे जाऊ, मी येतो संगं."

पोरगी पोटभर रडेपर्यंत ती जागची हलली नाही. काम खोळंबलं म्हणून मालक धुऱ्यावरून ओरडला, तेव्हा त्याला मात्र तिनं असं झाडलं की तो छत्री घेऊन निघूनच गेला.

डॉक्टर म्हणाले, कानाच्या पडद्यामागं पाणी साचलं आहे. लहानसं ऑपरेशन झालं. कुंदाबाई दवाखान्यातही संगं होती, आणि तिथंही नर्सशी भांडली म्हणे.

धानातलं तण काढायच्या निंदणाला पुष्पांजली परत आली. टिंकू झोळीत झोपला होता. कुंदाबाई नेहमीसारखी कुणावर तरी खेकसली, आणि झोळीतून असा टाहो फुटला की आम्ही सगळ्या हातातलं टाकून उभ्या राहिलो. पुष्पांजली हसत, रडत झोळीकडे धावली. अवं, काय सांगू, माझ्याही छातीवरचा धोंडा उतरला!

कुंदाबाईनं चिखलाच्या हातांनीच डोळे पुसले. तोंड सगळं बरबटलं.

"उचलू नको वं त्याले," ती ओरडली. "रडू दे जरासा. आयकू दे मले."