अकराव्या गाण्यानंतर

निवृत्त माणसाला घरात दुरुस्त करायला काही मिळालं नाही, की तो चांगलं चाललेलं बिघडवतो, असं माझी बायको म्हणते. हिंगण्याच्या कारखान्यात मी पस्तीस वर्षं तयार मालाची तपासणी केली. कुठे खोट दिसली की अजूनही माझे हात शिवशिवतात. मनीषनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये तपासायची राहिलेली एकच गोष्ट होती, तिचा गाण्यांचा पेन ड्राइव्ह.

तो ओट्यावरच्या छोट्या स्पीकरला कायम लावलेला असतो. संध्याकाळी ती कुकर चढवून कणीक भिजवायला घेते तेव्हा स्पीकर सुरू होतो आणि स्वयंपाकघर आवरलं की बंद. त्यातली बेचाळीस गाणी मुळात दोन कॅसेटींवर होती. लग्नानंतर लगेच सीताबर्डीच्या एका दुकानात आवडीच्या गाण्यांची यादी देऊन तिनं त्या भरून घेतल्या होत्या. पुढे कॅसेटी खराब व्हायला लागल्या तेव्हा दुसऱ्या एका दुकानदारानं सगळी गाणी पेन ड्राइव्हवर उतरवून दिली.

दिली खरी, पण मी पेन ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावून पाहिला आणि कपाळावर हात मारला. प्रत्येक गाण्याचं नाव म्हणजे नुसता आकडा. गाण्याच्या फाइलला आतून जी माहिती चिकटवलेली असते, ज्याला टॅग म्हणतात, तिथं गायकाच्या जागी दुकानाचं नाव आणि अल्बमच्या जागी दुकानाचा पत्ता. आमच्या खात्यातून असा माल गेटबाहेर गेला नसता.

आठ दिवस मी त्यात डोकं घातलं. गायक, संगीतकार, साल, सगळं शोधून भरलं. जिथं खरखर होती तिथं स्वच्छ प्रत आणून बसवली. आकडे काढून नावं दिली, अकारविल्हे लावली, जुनं पुसलं आणि नवं भरलं. त्या स्पीकरला पडदाच नाही, म्हणजे यातलं एक अक्षरही तिला कधी दिसणार नव्हतं. हे मला सुचलं नव्हतं असं नाही, पण काम चोख झाल्याचा आनंद मोठा होता.

संध्याकाळी तिनं बटण दाबलं. पहिल्या गाण्याला तिनं स्पीकरकडे नुसतं पाहिलं. दुसऱ्याला कणकेतला हात थांबला.

"हे काहून आलं इथं?"

"अवं, सगळं बरोबर लावून दिलं आता. पहिले एक गोष्ट धड नव्हती त्याच्यात."

"माझ्यासाठी धडच होतं. चौथं गाणं संपलं की मी कुकर बंद करत होती. आता मले कसं समजणार?"

मी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. ते दाखवायला नको होतं. तिनं स्पीकर बंद केला आणि पुढचे दोन दिवस लावलाच नाही. तिच्या भांडणाची मला सवय आहे, गप्प बसण्याची नाही. गाण्यांचा तिचा जुना क्रम परत आणायला हवा होता, आणि तो कुठेच लिहिलेला नव्हता. मूळ प्रत जपल्याशिवाय कशालाही हात लावू नका, असं मी जन्मभर पोरांना बजावत आलो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

"आठव ना वं, कोणतं कशानंतर होतं," मी शेवटी शरण गेलो.

"असं नाही आठवत. एक संपलं की दुसरं आपोआप तोंडात येते."

मग तसंच केलं. मी एकेका गाण्याचा शेवट वाजवायचो. सूर विरला की क्षणभर ती थांबायची आणि पुढच्या गाण्याची सुरुवात गुणगुणायची, तीही त्या गाण्याच्या मूळ पट्टीत. मी त्या गाण्याचा क्रमांक टॅगमध्ये आणि नावाच्या आधी टाकायचो. दोन्ही कॅसेटींच्या प्रत्येक बाजूचं पहिलं गाणं तिला पाठ होतं, त्यामुळे साखळी भराभर जुळली. तीन संध्याकाळी आम्ही असे शेजारी शेजारी बसलो. किती वर्षांनी बसलो कोण जाणे, पण मला फार बरं वाटलं. नीटनेटका मी आणि ती अघळपघळ, हा माझा समजही त्यात गेला.

अडलं ते अकराव्या गाण्यावर, पहिल्या कॅसेटच्या पहिल्या बाजूच्या शेवटी. ते संपलं तरी ती मान हलवत राहिली.

"हे इतकं मोठं नव्हतं."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. त्या बाजूची फीत पुरली नव्हती आणि गाणं शेवटच्या कडव्यात मध्येच तुटायचं. पेन ड्राइव्हवरही ते तुटकंच आलं होतं, मी त्याच्या जागी अख्खं बसवलं होतं. कोणत्या शब्दावर तुटायचं ते तिनं सांगितलं आणि मी बरोबर तिथं कापलं. धडधाकट मालात स्वतःच्या हातानं खोट घालण्याची माझी ही पहिली वेळ.

दुसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटत होती, मी पलीकडे पेपर वाचत होतो. अकरावं गाणं आलं आणि अर्ध्या ओळीवर तुटलं. मागे वळून न पाहता ती म्हणाली, "पलटवा ना जी."

म्हणाली आणि तिचं तिलाच हसू आलं. मला कळायला जरा वेळ लागला. त्या काळी याच सुमाराला कंपनीची बस मला कोपऱ्यावर सोडायची. मी दारात यायचो तेव्हा कॅसेटची बाजू संपलेली असायची आणि तिचे हात कणकेचे असायचे. मी पिशवी टेकवून आधी कॅसेट पलटवायचो, मग हातपाय धुवायचो. हे मी पार विसरून गेलो होतो. तिच्या यादीत त्या जागी गाणं नव्हतंच, माझं घरी येणं होतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलं नाही.

मी पेन ड्राइव्ह पुन्हा एकदा कॉम्प्युटरला लावला आणि अकराव्या गाण्याच्या शेवटी दोन मिनिटांची शांतता जोडली. आता तिथं आलं की स्पीकर गप्प होतो. ती हाक मारते, आणि घरात जिथं असेन तिथून येऊन मी पुढच्या गाण्याचं बटण दाबतो.